कट-ऑफच्या पलीकडचा प्रवेश : मुंबईची उपनगरे आणि अमेरिकेतील लिबरल आर्ट्स कॉलेजे

मुंबईच्या उपनगरांतील विद्यार्थ्याची प्रवेशाविषयीची कल्पना गुणवत्ता यादीने घडवलेली असते. अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया मुंबई परिसरात २००९ पासून चालू असून २०२५ पासून ती राज्यभर लागू झाली आहे. तिच्यात दहावीचे गुण, भरलेला पसंतीक्रम आणि लागू असलेले आरक्षण यांवरून जागा ठरते, आणि बारावीनंतर अभियांत्रिकीच्या कॅप फेऱ्यांमध्ये सीईटीच्या किंवा जेईईच्या पर्सेंटाइलवरून तेच घडते. ही पद्धत रूक्ष असली तरी तिच्यात एक मोठी सोय आहे, ती अशी की, प्रवेश का मिळाला आणि का हुकला याचे कारण आकड्यांत समोर दिसते. अमेरिकेतील निवडक लिबरल आर्ट्स कॉलेजांत अशी सोय नाही. तेथे कट-ऑफ जाहीर होत नाही, नाकारल्याचे कारण कळवले जात नाही, आणि ९६ टक्के गुणांचा विद्यार्थी बाहेर राहून ८८ टक्क्यांचा आत गेला, तर त्याविरुद्ध दाद मागण्याची जागाही नसते. त्यामुळे अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथून असा अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याला आणि त्याच्या पालकांना या पद्धतीचे अंतरंग आधी समजून घ्यावे लागते. कारण येथील चांगल्या विद्यार्थ्यांचे अर्ज गुणांमुळे क्वचितच मागे पडतात, ते मागे पडतात कागदपत्रांच्या उशिरा झालेल्या जुळवाजुळवीमुळे आणि पैशांच्या चुकलेल्या अंदाजामुळे.

लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणजे काय

लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणजे केवळ पदवीपूर्व शिक्षणाला वाहिलेली, चार वर्षांच्या अभ्यासक्रमाची, निवासी आणि आकाराने लहान संस्था होय. मॅसॅच्युसेट्स राज्यातील विल्यम्स (स्थापना १७९३) आणि ॲम्हर्स्ट (१८२१), पेन्सिल्व्हेनियातील स्वार्थमोर (१८६४), आयोवातील ग्रिनेल (१८४६), कॅलिफोर्नियातील पोमोना (१८८७) ही त्यांपैकी नामांकित कॉलेजे असून त्यांतील प्रत्येकाची एकूण विद्यार्थिसंख्या दीड ते सव्वादोन हजारांच्या दरम्यान, म्हणजे उपनगरातील एखाद्या मोठ्या कनिष्ठ महाविद्यालयाहून कमी असते. वेलस्ली, स्मिथ, ब्रिन मॉर आणि माउंट होल्योक ही याच परंपरेतील स्त्रियांची कॉलेजे आहेत. या संस्थांमध्ये साहित्य, इतिहास आणि तत्त्वज्ञान यांच्या बरोबरीने गणित, भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, अर्थशास्त्र आणि संगणकशास्त्रही शिकवले जाते. विद्यार्थी पहिली दोन वर्षे निरनिराळ्या शाखांतील विषय घेतो आणि दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस आपला मुख्य विषय जाहीर करतो. ॲम्हर्स्टमध्ये सर्वांना सक्तीचे असे विषयच जवळजवळ नाहीत, तर ग्रिनेलमध्ये पहिल्या सत्रातील एका लहान लेखन-चर्चावर्गाखेरीज बाकीची निवड विद्यार्थी आणि त्याचा मार्गदर्शक प्राध्यापक मिळून करतात. विल्यम्समध्ये ‘ट्युटोरियल’ या नावाने चालणाऱ्या वर्गात एका प्राध्यापकासमोर दोनच विद्यार्थी असतात. एका आठवड्यात एकाने निबंध लिहायचा आणि दुसऱ्याने त्याची चिकित्सा करायची, पुढच्या आठवड्यात भूमिका बदलायच्या, अशी ती पद्धत आहे.

दहावीनंतरच विज्ञान, वाणिज्य आणि कला अशी वाट फुटणाऱ्या व्यवस्थेतून आलेल्या विद्यार्थ्याला ही रचना आकर्षक वाटते, परंतु तिच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. अमेरिकेत वैद्यकशास्त्र पदवीनंतर शिकवले जाते आणि तेथील वैद्यकीय महाविद्यालयांत परदेशी नागरिकांना प्रवेश मिळणे अतिशय अवघड असते, म्हणून डॉक्टर होण्याचा निश्चय असलेल्या विद्यार्थ्याने या वाटेने न जाणे बरे. अभियांत्रिकीची पदवी देणारी लिबरल आर्ट्स कॉलेजे थोडी आहेत. स्वार्थमोर, स्मिथ आणि हार्वी मड ही त्यांतील ठळक नावे.

या प्रकारच्या कॉलेजांचा महाराष्ट्राशी असलेला संबंध दोनशे वर्षांहून जुना आहे. विल्यम्स कॉलेजातील काही विद्यार्थ्यांनी १८०६ मध्ये घेतलेल्या प्रार्थनासभेतून जी चळवळ उभी राहिली तिच्यातून १८१० मध्ये ‘अमेरिकन बोर्ड’ ही परदेशी मिशनांची संस्था निघाली. याच कॉलेजचा १८०८ चा पदवीधर गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरला आणि त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी चालवलेले अमेरिकन मराठी मिशन शाळा व छापखाना यांच्याद्वारे एकोणिसाव्या शतकातील मराठी समाजाच्या परिचयाचे झाले. पुढे त्याच मिशनमध्ये आलेला डेव्हिड ॲलन हा ॲम्हर्स्टचा पदवीधर होता. धर्मोपदेशक आणि शिक्षक घडवण्यासाठी लहान गावांत स्थापन झालेल्या या कॉलेजांचे धार्मिक स्वरूप काळाच्या ओघात मावळले, पण त्यांची निवासी रचना टिकली आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून त्यांचा कायम निधी प्रचंड वाढला. विल्यम्स आणि ॲम्हर्स्ट यांचा असा निधी प्रत्येकी तीन अब्ज डॉलरहून अधिक आहे. ग्रिनेलच्या निधीच्या वाढीमागे इंटेलचे एक संस्थापक आणि ग्रिनेलचेच माजी विद्यार्थी रॉबर्ट नॉइस यांच्या कंपनीत केलेली सुरुवातीची गुंतवणूक आणि विश्वस्त म्हणून वॉरन बफे यांनी दिलेला सल्ला ही कारणे सांगितली जातात. परदेशी विद्यार्थ्याला मिळणारी मदत याच निधीतून येत असल्यामुळे हा तपशील त्याच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

निवड कशी होते

विल्यम्स, ॲम्हर्स्ट, स्वार्थमोर, पोमोना आणि बोडन यांसारख्या कॉलेजांत अलीकडच्या वर्षांत शंभर अर्जदारांपैकी साधारणपणे सात ते दहा जणांनाच प्रवेश मिळतो, आणि आर्थिक मदत मागणाऱ्या परदेशी अर्जदारांत हे प्रमाण त्याहूनही कमी असते. अर्ज बहुधा ‘कॉमन ॲप्लिकेशन’ या सामाईक ऑनलाइन अर्जाद्वारे केला जातो; १९७५ मध्ये १५ कॉलेजांनी मिळून सुरू केलेल्या या व्यवस्थेत आज एक हजाराहून अधिक संस्था सहभागी आहेत. अर्जात चार प्रकारचा मजकूर असतो. नववी ते बारावीच्या गुणांचा तपशील आणि शाळेचा अहवाल हा पहिला. दोन विषयशिक्षकांची आणि एका समुपदेशकाची शिफारसपत्रे हा दुसरा. ६५० शब्दांपर्यंतचा वैयक्तिक निबंध आणि काही कॉलेजांनी स्वतंत्रपणे मागितलेली छोटी लेखने हा तिसरा. आणि अभ्यासाबाहेरील कामांची यादी हा चौथा. प्रवेश समितीतील वाचक हा सर्व मजकूर एकत्र वाचतो, आणि या विद्यार्थ्याने त्याच्या शाळेत व त्याच्या परिस्थितीत उपलब्ध असलेल्या संधींचे काय केले, हा प्रश्न त्याच्यासमोर असतो. भारतातील अर्ज वाचणाऱ्यांना राज्य मंडळ, सीबीएसई, आयएससी आणि आयबी यांच्या गुणदानातील फरक सामान्यतः माहीत असतो. म्हणून राज्य मंडळाचे गुण अमेरिकी ‘जीपीए’मध्ये स्वतःच रूपांतरित करून देण्याचा खटाटोप करू नये, ते टक्केवारीत जसे आहेत तसेच द्यावेत.

सॅट ही प्रमाणित परीक्षा १६०० गुणांची असून मार्च २०२३ पासून अमेरिकेबाहेर ती संगणकावर घेतली जाते. अनेक लिबरल आर्ट्स कॉलेजांनी ती ऐच्छिक ठेवली आहे, आणि बोडनने तर १९६९ मध्येच तशी मुभा दिली होती. तथापि, अकरावीचे गुण कॉलेजने अंतर्गत परीक्षेवरून दिलेले आणि बारावीचा निकाल अर्जाच्या वेळी हाती नसलेला, अशी राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याची स्थिती असल्यामुळे, सॅटचे चांगले गुण असतील तर ते पाठवणे त्याच्या फायद्याचे ठरते. इंग्रजीच्या क्षमतेसाठी टोफेल, आयईएलटीएस किंवा ड्युओलिंगो यांपैकी एक परीक्षा मागितली जाते. सर्व शिक्षण इंग्रजी माध्यमात झालेल्यांना काही कॉलेजे यातून सूट देतात, मात्र दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्याने ती परीक्षा द्यावी हे उत्तम.

कागदपत्रांची अडचण आणि तिचा उपाय

अमेरिकी अर्जाची रचना चार वर्षांच्या एकाच हायस्कूलची आणि तेथील पूर्णवेळ समुपदेशकाची कल्पना धरून केलेली आहे. उपनगरातील राज्य मंडळाचा विद्यार्थी मात्र नववी-दहावी एका शाळेत आणि अकरावी-बारावी दुसऱ्याच कनिष्ठ महाविद्यालयात करतो. तेथे एका तुकडीत शंभराच्या आसपास विद्यार्थी असतात, आणि विज्ञान शाखेतील पुष्कळ विद्यार्थी खासगी क्लासच्या ‘इंटिग्रेटेड’ व्यवस्थेत असल्यामुळे कॉलेजात हजेरीपुरतेच जातात. अशा विद्यार्थ्याला ओळखणारा आणि त्याच्या अभ्यासाविषयी दोन परिच्छेद नेमकेपणाने लिहू शकणारा शिक्षक कॉलेजात सापडत नाही. क्लासमधील सर त्याला उत्तम ओळखत असले तरी शाळेच्या किंवा कॉलेजच्या शिक्षकाच्या पत्राची जागा त्यांचे पत्र घेऊ शकत नाही. ते फार तर जादा शिफारस म्हणून जोडता येते.

यावरचा उपाय अकरावीच्या पहिल्या सत्रातच करावा लागतो. निदान दोन विषयांच्या तासांना नियमित बसणे, प्रयोगवहीपलीकडचे प्रश्न विचारणे आणि एखादा छोटा प्रकल्प त्या शिक्षकांच्या देखरेखीखाली करणे, एवढे झाले की पत्राला आशय मिळतो. समुपदेशकाची भूमिका उपप्राचार्य किंवा पर्यवेक्षक पार पाडू शकतात. त्यांनी कॉलेजच्या अधिकृत ईमेल पत्त्यावरून विद्यार्थ्याचा अहवाल भरायचा असतो आणि त्यासोबत ‘स्कूल प्रोफाइल’ नावाचे एक-दोन पानांचे माहितीपत्रक जोडायचे असते. हे माहितीपत्रक बहुतेक कनिष्ठ महाविद्यालयांकडे तयार नसते, परंतु ते बनवणे कठीण नाही : कॉलेज कोणत्या मंडळाशी संलग्न आहे, तुकडीत किती विद्यार्थी आहेत, कोणते विषय उपलब्ध आहेत, अकरावीच्या परीक्षेत गुणांची विभागणी कशी होती आणि गतवर्षीच्या बारावीच्या निकालात ९० टक्क्यांवर किती विद्यार्थी होते, एवढी माहिती पुरते. शेवटचा मुद्दा विशेष उपयोगी आहे, कारण ज्या तुकडीत ९० टक्क्यांवर दोघेच आहेत तेथील ८७ टक्के आणि ज्या तुकडीत निम्मे विद्यार्थी ९५ टक्क्यांवर आहेत तेथील ८७ टक्के यांचा अर्थ वाचकाला त्यामुळेच वेगवेगळा लागतो. नववी-दहावीच्या गुणपत्रकांच्या प्रती जुन्या शाळेकडून सही-शिक्क्यानिशी घेऊन ठेवाव्यात आणि त्या कनिष्ठ महाविद्यालयामार्फत एकत्रच पाठवाव्यात.

कामांची यादी आणि निबंध

कॉमन ॲप्लिकेशनमध्ये अभ्यासाबाहेरील कामांसाठी दहा जागा असतात, आणि प्रत्येक कामाच्या वर्णनाला केवळ १५० अक्षरचिन्हे मिळतात. शिवाय ते काम आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती आठवडे केले हेही सांगायचे असते. येथे उपनगरी कुटुंबांचा एक गैरसमज महागात पडतो. परदेशी विद्यापीठांना आंतरराष्ट्रीय परिषदा, महागडी उन्हाळी शिबिरे आणि नव्याने स्थापन केलेल्या ‘एनजीओ’ लागतात, अशा समजुतीने पालक बारावीच्या तोंडावर लाखो रुपये खर्च करतात, आणि वाचकाला मात्र त्यातील घाई तारखांवरूनच दिसते. वस्तुतः या यादीत कौटुंबिक जबाबदारी आणि अर्थार्जन यांनाही स्वतंत्र प्रकार म्हणून जागा दिलेली आहे. घाटकोपरमधील वडिलांच्या दुकानात रोज संध्याकाळी दोन तास बसून जीएसटीची बिले आणि उधारीचा हिशेब सांभाळणे हे त्यात निःसंकोच लिहिता येते.

एका उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. मुलुंडमधील एखाद्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळात काम करणाऱ्या विद्यार्थिनीने ‘सांस्कृतिक कार्यात सक्रिय सहभाग, नेतृत्वगुणांचा विकास’ असे लिहिले, तर वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. तिने ‘तीन वर्षे वर्गणीच्या पावत्या व खर्च सांभाळला, हिशेब वहीतून स्प्रेडशीटवर आणला, ताळेबंद सोसायटीच्या फलकावर लावण्याची पद्धत सुरू केली’ असे लिहिले, तर तितक्याच जागेत तिचे कौशल्य, तिचे सातत्य आणि तिने घडवलेला बदल या तिन्ही गोष्टी येतात. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात फुलपाखरांच्या नोंदी ठेवणे, गोराईच्या खाडीकिनाऱ्यावरील तिवरांच्या स्वच्छतेत दर महिन्याला जाणे, ढोल-ताशा पथकातील नव्या वादकांना शिकवणे किंवा धाकट्या भावंडाचा अभ्यास घेणे, ही सर्व कामे याच कसोटीला उतरू शकतात. अट एवढीच की ती खरोखर आणि दीर्घकाळ केलेली असावीत.

निबंधाबाबतही हेच लागू पडते. शालेय निबंधलेखनात सुविचार, थोरांची वचने आणि शेवटी उपदेश असा जो साचा हाताला बसलेला असतो तो येथे निरुपयोगी ठरतो, कारण वाचकाला विचार करणारे मन पाहायचे असते आणि ते एखाद्या लहान, नेमक्या विषयावर लिहितानाच चांगले दिसते. गरिबी, आजारपण किंवा लोकलमधील गर्दी यांचे करुण वर्णन हा प्रवेशाचा परवाना नव्हे. अशा अनुभवाविषयी लिहायचे असेल तर त्यातून विद्यार्थ्याने काय जाणले आणि कोणती कृती केली यावर भर असावा. ‘आमचेच कॉलेज का’ या प्रश्नाचे उत्तर लिहिताना संकेतस्थळावरील स्तुतीची वाक्ये परत पाठवण्यापेक्षा तेथील एखादा अभ्यासक्रम, एखादी प्रयोगशाळा किंवा शेजारच्या संस्थांशी असलेली देवाणघेवाण यांचा अभ्यासपूर्वक उल्लेख करावा. उदाहरणार्थ, ॲम्हर्स्ट, स्मिथ, माउंट होल्योक, हॅम्पशायर आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ यांनी मिळून जो पाच संस्थांचा संघ चालवला, त्यामुळे एका कॉलेजच्या विद्यार्थ्याला शेजारच्या संस्थांतील वर्ग करता येऊ लागले.

पैशांचे गणित

या विषयातील सर्वांत निर्णायक भाग आर्थिक आहे, आणि नेमका तोच बहुतेक घरांत शेवटी चर्चेला येतो. नामांकित लिबरल आर्ट्स कॉलेजचा शिकवणी शुल्क, राहणे, जेवण, पुस्तके आणि किरकोळ खर्च मिळून होणारा वर्षाचा एकूण खर्च आता ८५ ते ९५ हजार डॉलरच्या घरात गेला आहे. डॉलर ८५ रुपयांचा धरला तरी ९० हजार डॉलर म्हणजे साडेशहात्तर लाख रुपये होतात. पदव्युत्तर शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांना ज्या योजनांचा आधार मिळतो त्या येथे उपयोगी पडत नाहीत, कारण महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि १८९२ मध्ये स्थापन झालेला जे. एन. टाटा एंडोमेंट हे तिन्ही पदवीनंतरच्या अभ्यासासाठी आहेत. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकरही पदवीनंतरच गेले होते. परिणामी, बारावीनंतर लगेच जाऊ इच्छिणाऱ्या मध्यमवर्गीय विद्यार्थ्याला खुद्द त्या कॉलेजकडून मिळणारी मदत हाच एकमेव खरा आधार उरतो.

ही मदत समजून घेण्यासाठी तीन संज्ञा आवश्यक आहेत. पहिली ‘नीड-ब्लाइंड’, म्हणजे अर्जाचा विचार करताना विद्यार्थ्याने आर्थिक मदत मागितली आहे की नाही याकडे न पाहणे. अमेरिकी नागरिकांसाठी अनेक संस्था असे करतात. परदेशी अर्जदारांसाठीही हे धोरण ठेवणाऱ्या संस्था मोजक्या असून लिबरल आर्ट्स कॉलेजांपैकी ॲम्हर्स्ट, बोडन आणि वॉशिंग्टन अँड ली ही त्यांत येतात. दुसरी ‘नीड-अवेअर’, म्हणजे मदतीची गरज लक्षात घेऊन निर्णय करणे. बाकीची बहुतेक कॉलेजे परदेशी विद्यार्थ्यांबाबत हेच करतात. तिसरी ‘पूर्ण गरज भागवणे’, म्हणजे प्रवेश दिलेल्या विद्यार्थ्याच्या कुटुंबाला जेवढे देता येणार नाही तेवढे सर्व कॉलेजने देणे. विल्यम्स परदेशी अर्जदारांसाठी नीड-अवेअर असले तरी निवडलेल्यांची पूर्ण गरज भागवते, आणि २०२२ पासून त्या मदतीत कर्जाचा किंवा सक्तीच्या कामाचा भाग ठेवत नाही. गुणवत्तेवर आधारित, उत्पन्न न पाहता दिलेली शिष्यवृत्ती विल्यम्स आणि ॲम्हर्स्ट देत नाहीत; ती हवी असल्यास ओहायोतील डेनिसन किंवा वूस्टर यांसारख्या, प्रवेशाला तुलनेने सोप्या कॉलेजांकडे पाहावे लागते, मात्र तिच्यातून पूर्ण खर्च सहसा भागत नाही.

कुटुंबाची कुवत ठरवण्यासाठी अनेक कॉलेजे ‘सीएसएस प्रोफाइल’ हा तपशीलवार अर्ज मागतात आणि त्याला आयकर विवरणपत्र, फॉर्म १६, पगाराच्या पावत्या व बँकेची विवरणे जोडावी लागतात. उपनगरातील कुटुंबाची खरी कसोटी येथे लागते. समजा, बोरिवलीतील एका घरात दोघांचे मिळून वार्षिक उत्पन्न १२ लाख रुपये आहे आणि वीस वर्षांपूर्वी कर्ज काढून घेतलेल्या वन बीएचके फ्लॅटची आजची किंमत सव्वा कोटी आहे. डॉलरमध्ये हे उत्पन्न सुमारे १४ हजार होते, म्हणजे कॉलेजच्या वार्षिक खर्चाच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी. परंतु अर्जातील मालमत्तेच्या रकान्यात मात्र जवळजवळ दीड लाख डॉलरचे घर दिसते. हे राहते घर विकून कुटुंबाला दुसरीकडे राहता येणार नाही, आजी-आजोबा त्याच घरात राहतात, त्यांच्या औषधांचा खर्च किती आहे, गृहकर्जाचे किती हप्ते उरले आहेत, सोसायटी पुनर्विकासात गेली असल्यास भाडे कोण देते, हे सर्व अर्जातील विशेष परिस्थितीच्या जागेत साध्या आकड्यांनिशी सांगितले पाहिजे. पीपीएफ, एलआयसी आणि म्युच्युअल फंड यांतील रकमा लपवू नयेत. दुकानदार कुटुंबाने विवरणपत्रात दाखवलेले उत्पन्न आणि राहणीमान यांत तफावत असेल तर तिचा खुलासा आधीच करावा. असे कुटुंब वर्षाला चार हजार डॉलर भरू शकते असे ठरले तर चार वर्षांत कॉलेजला त्या एका विद्यार्थ्यावर सुमारे तीन कोटी रुपये खर्च करावे लागतात, आणि नीड-अवेअर कॉलेजच्या दृष्टीने हा विद्यार्थी निवडताना नेमका हाच हिशेब मांडला जातो.

यातून दोन व्यावहारिक नियम निघतात. पहिला असा की, मदतीची गरज आहे हे अर्ज करतानाच सांगावे. प्रवेशाची शक्यता वाढावी म्हणून ती लपवून नंतर मागण्याचा डाव फसतो, कारण अनेक नीड-अवेअर कॉलेजे प्रवेशाच्या वेळी मदत न मागितलेल्या परदेशी विद्यार्थ्याला पुढील वर्षांत ती देत नाहीत. दुसरा असा की, खोटेपणाला येथे क्षमा नाही. २०२४ मध्ये पेन्सिल्व्हेनियातील एका विद्यापीठात बनावट कागदपत्रांच्या आधारे प्रवेश व मदत मिळवलेल्या एका भारतीय विद्यार्थ्याला गुन्हा कबूल करून मायदेशी परतावे लागले. भरमसाट शुल्क घेऊन निबंध लिहून देणारे किंवा ‘हमखास प्रवेश’ विकणारे सल्लागार अंधेरीपासून ठाण्यापर्यंत भेटतात, परंतु मजकूर आपलाच असल्याची ग्वाही अर्जावर सही करून विद्यार्थीच देतो आणि परिणामही त्यालाच भोगावे लागतात. अमेरिकी परराष्ट्र खात्याचे ‘एज्युकेशन-यूएसए’ हे अधिकृत मार्गदर्शन केंद्र युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशनमार्फत मुंबईतही चालते. खासगी सल्लागाराकडे जाण्याआधी तेथे जावे.

दहावीनंतरचा एक वेगळा मार्ग

महाराष्ट्रातच उपलब्ध असलेला आणि उपनगरांत फारसा चर्चिला न गेलेला एक मार्ग पुणे जिल्ह्यातील पौडजवळच्या यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेजातून जातो. १९९७ मध्ये सुरू झालेली ही निवासी संस्था दोन वर्षांचा आयबी डिप्लोमा शिकवते. तिच्यातील भारतीय विद्यार्थ्यांची निवड राष्ट्रीय समिती करते आणि गरजेनुसार आर्थिक साहाय्यही दिले जाते. यूडब्ल्यूसी ही अशा संस्थांची जगभर पसरलेली साखळी असून तिच्यात शिक्षण पूर्ण केलेल्यांना अमेरिकेतील सहभागी कॉलेजांत मदत मिळावी म्हणून २००० मध्ये ‘डेव्हिस यूडब्ल्यूसी स्कॉलर्स’ ही योजना सुरू झाली. मिडलबरी, कोल्बी, वेलस्ली, कॉलेज ऑफ द अटलांटिक आणि प्रिन्स्टन या तिच्या पहिल्या पाच संस्था होत्या, आणि त्यांतील तीन तर नावाजलेली लिबरल आर्ट्स कॉलेजे आहेत. या वाटेने जायचे तर विचार दहावीतच सुरू करावा लागतो.

कालक्रम आणि व्हिसा

राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याचे वेळापत्रक आणि अमेरिकी वेळापत्रक एकमेकांना अडचणीच्या ठिकाणी छेदतात. कॉमन ॲप्लिकेशन १ ऑगस्टला नव्या वर्षासाठी खुले होते; ‘अर्ली डिसिजन’ या बंधनकारक प्रकाराची मुदत नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आणि नेहमीच्या अर्जाची मुदत जानेवारीच्या आरंभी असते. अर्ली डिसिजनमध्ये एकाच कॉलेजला अर्ज करता येतो आणि प्रवेश मिळाल्यास तो स्वीकारण्याचे वचन विद्यार्थी, पालक आणि समुपदेशक असे तिघे सहीनिशी देतात. मिळालेली मदत अपुरी असेल तरच त्यातून सुटका होते. नेमक्या याच काळात कॉलेजची पूर्वपरीक्षा आणि जेईई मेनचे जानेवारी सत्र येते, तर बारावीची लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. म्हणून निबंधांचे पहिले खर्डे गणपतीच्या सुटीपर्यंत आणि शिफारसपत्रांची विनंती त्याआधी पूर्ण झालेली असावी. नियमित अर्जांचे निकाल मार्चअखेरीस लागतात, होकार १ मेपर्यंत कळवावा लागतो, आणि बारावीचा निकाल लागला की अंतिम गुणपत्रक पाठवायचे असते. त्यात गुण एकदम घसरलेले दिसले तर दिलेला प्रवेश काढूनही घेतला जाऊ शकतो.

प्रवेश निश्चित झाल्यावर कॉलेज ‘आय-२०’ हे प्रमाणपत्र देते, त्याच्या आधारे परदेशी विद्यार्थ्यांच्या ‘सेव्हिस’ या नोंदणीचे ३५० डॉलर भरून एफ-१ या विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज होतो आणि वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वाणिज्य दूतावासात मुलाखत होते. खर्च कोण करणार आणि शिक्षण झाल्यावर परतण्याचा इरादा काय, हे दोन प्रश्न मुलाखतीत मध्यवर्ती असतात. कॉलेजचे मदतीचे पत्र हाती असेल तर पहिल्याचे उत्तर सोपे होते. व्हिसाचे नियम आणि शुल्क वरचेवर बदलत असल्याने त्या त्या वर्षी दूतावासाच्या अधिकृत संकेतस्थळावरच ते पाहावेत.

निर्णय करताना

या वाटेने जाणाऱ्या कुटुंबाने तीन गोष्टी क्रमाने कराव्यात. प्रथम, आपल्याला दरवर्षी किती रक्कम कर्जाविना देता येईल ते ठरवावे आणि त्या रकमेत बसू शकणाऱ्या, म्हणजे पूर्ण गरज भागवणाऱ्या कॉलेजांचीच यादी करावी. राहता फ्लॅट तारण ठेवून पदवीपूर्व शिक्षणासाठी कर्ज काढणे हा मध्यमवर्गीय कुटुंबाने टाळायचाच निर्णय आहे. दुसरे, अकरावीतच दोन शिक्षकांशी आणि उपप्राचार्यांशी बोलून कागदपत्रांची व्यवस्था लावावी. तिसरे, मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांचे, सीईटीचे किंवा पुण्याच्या फ्लेमसारख्या बहुविद्याशाखीय विद्यापीठाचे अर्ज त्याच वर्षी भरून ठेवावेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर चार वर्षांची पदवी आणि विषयांची अदलाबदल यांना महाराष्ट्रातही वाव मिळू लागला आहे. शंभरांत सात-आठ जणांना मिळणाऱ्या प्रवेशावर सर्व भिस्त ठेवणे शहाणपणाचे नाही, आणि तो न मिळाल्यास त्यातून विद्यार्थ्याच्या योग्यतेविषयी कोणताही निष्कर्ष काढू नये. मार्चअखेरीस येणारे उत्तर होकाराचे असो वा नकाराचे, जूनमध्ये ज्याचे नाव कुठल्या तरी चांगल्या कॉलेजच्या यादीत नक्की असेल, अशाच विद्यार्थ्याने हा अर्ज करावा.